बाहेरची माणसे

यंदा पाऊस मे महिन्यातच कोकणात उतरला आणि बागायतदाराला शेवटचा आंबाही नीट काढू दिला नाही. जुलैत सुवर्णदुर्ग जागतिक वारसा यादीत गेला. हर्णैइतकाच आनंद मंडणगडलाही झाला. भाषेवरून राज्यभर वाद पेटला. वर्षाचा आढावा एवढ्यावरच थांबवलेला बरा, कारण या अंकाच्या संपादकांच्या कानाला वर्षभर एकच शब्द टोचत राहिला आहे. तो शब्द म्हणजे ‘बाहेरचे’.

एसटी स्टँडवर, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत तो सहज येतो. आंब्याच्या बागेत राखणीला राहिलेला नेपाळी, चिरा बसवणारा परप्रांतीय गडी, होडीवरचा खलाशी, सगळे ‘बाहेरचे’. त्यांचे नाव कोणी विचारत नाही, मग गाव विचारणे दूरच.

आणि हे कुठे, तर मंडणगड तालुक्यात! इथल्या कितीतरी घरांची कुलपे गणपतीला आणि शिमग्यालाच उघडतात. बाणकोटला बोट लागत होती तेव्हापासून हा तालुका मुंबईला जातो आहे. खाडीकाठच्या मुसलमान घरांतली माणसे आफ्रिकेला गेली, आखातात गेली. याच तालुक्यातल्या आंबडव्याचे सकपाळ घराणे पलटणीच्या नोकरीने महूपर्यंत पोहोचले. तिथे १८९१ साली जन्मलेल्या मुलाच्या नावापुढे शाळेत आंबडवेकर असे गावावरून आडनाव लागले आणि पुढे त्याचे आंबेडकर झाले. गाव सोडले तरी गावाचे नाव जपून नेणाऱ्या माणसांचा हा मुलूख आहे.

म्हणून यंदाच्या ‘उंबरा’ या विषयाच्या निमित्ताने कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची आणि तिथे राहून गेलेल्या पोलिश निर्वासितांची आठवण काढायची आहे.

१७ सप्टेंबर १९३९ रोजी सोव्हिएत फौजा पूर्वेकडून पोलंडमध्ये शिरल्या. जर्मनांनी पश्चिमेकडून हल्ला केला त्याला तेव्हा सोळा दिवस झाले होते. पूर्व पोलंड सोव्हिएत संघाला जोडले गेले आणि जमीन मिळालेले माजी सैनिक, वनरक्षक, शिक्षक, पोलीस अशांची कुटुंबे राजवटीच्या लेखी शत्रू ठरली. १० फेब्रुवारी १९४० रोजी पहिली मोठी उचलबांगडी झाली. कडाक्याच्या थंडीत दारावर थाप पडायची, गाठोडे बांधायला जेमतेम अर्धा तास मिळायचा आणि माणसे मालगाडीच्या वाघिणीत कोंबली जायची. कोणी अर्खांगेल्स्कच्या जंगलात लाकडे तोडली, कोणी कझाकस्तानात सामुदायिक शेतावर राबले. पाव मिळायचा तो नेमून दिलेले काम किती पुरे झाले त्या मापाने. म्हाताऱ्यांनी आणि पोरांनी कोणते माप पुरे करायचे?

१९४१ च्या जूनमध्ये जर्मनीने सोव्हिएत संघावरच हल्ला केला, तेव्हा स्टॅलिनला पोलिश सैनिक हवेसे झाले. ३० जुलैला करार झाला आणि या लोकांना ‘माफी’ जाहीर झाली. गुन्हा कोणताच नव्हता, तरी शब्द माफीचाच वापरला. जनरल अँडर्स यांच्या सैन्यामागून बायका-पोरे दक्षिणेकडे निघाली. वाटेत विषमज्वराने आणि हगवणीने किती गेली त्याला सुमार नाही. १९४२ मध्ये सुमारे १ लाख १५ हजार माणसे इराणात पोहोचली. बहुतेक जण कॅस्पियन समुद्र ओलांडून पहलवी बंदरात उतरले. तिथे किनाऱ्यावर त्यांचे केस कापले आणि उवांनी भरलेले कपडे जाळून टाकले. घरून आणलेले म्हणावे असे जे काही अंगावर उरले होते, तेही असे गेले.

त्यांतली काही माणसे हिंदुस्थानात आली. जामनगरच्या जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी बालाचडीला मुलांना आसरा दिला, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक आहे. पण मोठी वसाहत उभी राहिली ती आपल्या वळिवड्याला, १९४३ मध्ये. पंचगंगेच्या काठी बराकींच्या रांगा उठल्या आणि सुमारे पाच हजार माणसे राहू लागली. त्यांत बायका आणि मुलेच फार, कारण पुरुष आघाडीवर होते किंवा सायबेरियाकडेच संपले होते. शाळा निघाल्या, चर्च झाले, दवाखाना झाला, नाटके बसली. मुले पंचगंगेत पोहायला शिकली. उपाशी पोरांची पोटे कोल्हापूरच्या मातीवर भरू लागली.

युद्ध संपले, जिंकले, आणि या माणसांचे गावच गेले. १९४५ च्या फेब्रुवारीत याल्टाला तीन बड्यांनी ठरवले, की पूर्व पोलंड सोव्हिएत संघातच राहील. वळिवड्यातल्या बाईचे घर कदाचित अजून जागेवर उभे असेल, परसातले झाडही असेल, पण ते ज्या देशात होते तो देश तिथून सरकला होता. वॉर्सॉत कम्युनिस्टांचे सरकार बसले होते. ज्यांनी वाघिणीत कोंबले, त्यांच्याच अमलाखाली परत जा, असे त्या बाईला कोणत्या तोंडाने सांगायचे? काही जण परतलेही. पुष्कळ इंग्लंडला गेले, काही ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिकेला पांगले. मोजक्या मुली लग्न करून इथल्याच झाल्या. १९४८ मध्ये छावणी रिकामी झाली.

रिकामी फार दिवस राहिली नाही. फाळणीत सिंध सुटलेली कुटुंबे तिथे आली. पोलिश बायकांनी सोडलेल्या बराकींत सिंधी बायकांनी चुली मांडल्या. त्यांचेही गाव नकाशावरच्या एका रेघेने परदेशात गेलेले. आज कापड घ्यायला दुकानदार ज्या गांधीनगरला जातात, ते हेच. दोनदा ‘बाहेरच्यां’नी वसवलेल्या या जागेने कोल्हापूरचे काही हिरावून घेतले नाही, उलट एक बाजारपेठ दिली.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी वॉर्सॉतल्या कोल्हापूर स्मारकाला फुले वाहिली, तेव्हा आपल्याकडे चार दिवस वळिवडे गाजले. पण सगळे बोलले ते आपल्या औदार्याबद्दल. औदार्य होतेच, त्याचा अभिमान हवाच. मात्र पाच वर्षे आपल्या नदीत पोहणारी ती पोरे कुठल्या गावची होती, कशी आली, परत का जाऊ शकली नाहीत, हे किती बातम्यांत आले? आदरातिथ्याची गोष्ट सांगतानाही पाहुणा निनावीच राहत असेल, तर बागेतल्या राखणदाराचे नाव विचारायची सवय आपल्याला लागणार कुठून?

लेखकाच्या नावाखाली त्याचे गाव छापायची या अंकाची जुनी रीत आहे. यंदा तालुक्यात कामाला आलेल्या सात जणांची मनोगते पुढच्या पानांत आहेत. त्यांतले दोघे आंबा राखतात, तिघे चिऱ्याच्या कामावर आहेत, दोघे होडीवर. प्रत्येकाच्या नावाखाली गाव छापले आहे. उच्चार चुकू नये म्हणून मुद्रिते तपासताना ते ज्याचे त्याला मोठ्याने वाचून दाखवले आणि एकाने ते तीनदा दुरुस्त करून घेतले.