हवाबंद डबा आणि कायद्याची नजर

गतवर्षीं स्नेहसंमेलनाच्या वेळीं मुलांच्या अल्पोपाहारासाठीं आम्हीं शहरांतील बाजारांतून रसगुल्ल्यांचे पांच डबे आणविले. त्यांपैकीं एका डब्याचें झांकण फुगून वर आलेलें होतें. दुकानदारास विचारतां तो हंसून म्हणाला, "गुरुजी, उन्हानें पत्रा फुगतो. माल अगदीं ताजा आहे." आम्हीं तो डबा त्यास परत केला, पैसे घेतले व शाळेंत आलों. मागाहून मनांत आलें कीं, त्या डब्याचें पुढें काय झालें असेल? तो उकिरड्यावर गेला, कीं दुसऱ्या एखाद्या घरच्या ताटांत वाढला गेला? हें आम्हांस ठाऊक नाहीं, आणि त्याचा दोष आमच्याकडेच येतो; कारण आम्हीं ही गोष्ट कोणासही कळविली नाहीं. तेव्हांपासून या विषयाचा जो थोडासा अभ्यास केला, तो वाचकांपुढें ठेवीत आहों.

बंद भांड्यांत अन्न टिकविण्याची युक्ति निकोला आपेर या फ्रेंच गृहस्थानें शोधून काढली. १८१० सालीं तेथील सरकारनें त्यास १२,००० फ्रँकांचें बक्षीस दिलें. अन्न काचेच्या भांड्यांत भरावें, घट्ट बूच लावावें व तें भांडें उकळत्या पाण्यांत ठेवावें, एवढीच ती रीत होती. अशा रीतीनें अन्न कां टिकतें, हें त्यास सांगतां येत नव्हतें. उष्णतेनें जंतु मरतात व बूच नवे जंतु आंत येऊं देत नाहीं, हा उलगडा पुढें पाश्चर यांच्या संशोधनानें झाला. परंतु बोटुलिनम नांवाचा एक जंतु असा आहे कीं, जेथें हवा नाहीं तेथेंच तो फोफावतो. त्याचीं बीजें उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहींत. त्यांचा नाश करण्यास दाबाखालीं सुमारें १२१ अंश सेल्सिअस उष्णता द्यावी लागते. आंबट पदार्थांत त्याची वाढ होत नाहीं. म्हणून कैरीच्या लोणच्यापेक्षां भाजी, मांस, मासे यांच्या डब्यांविषयीं अधिक सावध राहावें लागतें. डबा फुगला तर आंत वायु सांठला आहे, असें निदान कळतें. पण डबा न फुगतांही, वास किंवा रंग न बदलतांही आंत विष असूं शकतें. येथें गृहिणीचें चातुर्य चालत नाहीं. कारखान्यांत किती उष्णता दिली, हें पाहणारा कोणीतरी हवा. आणि हें काम सरकारावांचून कोण करणार?

आपल्याकडे कायद्यांची उणीव नाहीं. मुंबई इलाख्यांत भेसळीविरुद्ध कायदा १९२५ सालींच झाला होता. स्वातंत्र्यानंतर १९५४ चा भेसळ प्रतिबंधक कायदा आला; मुरंबे, सरबतें, लोणचीं इत्यादिकांसाठीं १९५५ चा फळउत्पादन आदेश आला. या सर्वांच्या जागीं २००६ चा अन्नसुरक्षा व मानके कायदा ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाला. आज डब्यावर चौदा आंकडी परवाना क्रमांक व तारखा छापाव्या लागतात. असुरक्षित अन्नानें कोणाचा प्राण गेला, तर सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षेची तरतूद आहे.

मग उणीव कोठें आहे? आमच्या मतें ती प्रयोगशाळेंत आहे. २०१५ सालीं मॅगी नूडल्सवर बंदी घालण्यांत आली. १३ ऑगस्ट रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें ती रद्द केली. कंपनीचें म्हणणें ऐकून घेतलें नव्हतें, व ज्या प्रयोगशाळांच्या अहवालांवर बंदी उभी होती त्यांना आवश्यक ती मान्यता नव्हती, हीं त्याचीं मुख्य कारणें होतीं. पुन्हां झालेल्या तपासणींत शिसें मर्यादेच्या आंत आढळलें. यांत कोण जिंकलें हा आमचा प्रश्न नाहीं. परीक्षा कच्ची असली म्हणजे निर्दोषी माणूस उगाच भरडला जातो व दोषी मोकळा सुटतो, एवढें यावरून सिद्ध होतें.

दुसरी उणीव कायद्याच्या चाळिसाव्या कलमांत आहे. सामान्य ग्राहकासही फी भरून अन्न विश्लेषकाकडून पदार्थ तपासून घेतां येतो, व पदार्थ सदोष ठरल्यास फी परत मिळते. हा हक्क फार मोलाचा आहे. परंतु त्यास एक अट जोडली आहे. आपण पदार्थ तपासून घेणार आहों, हें ग्राहकानें विकत घेतांनाच दुकानदारास सांगितलें पाहिजे! सुट्या पदार्थांस ही अट शोभेल. पण हवाबंद डब्याचा दोष बहुधा घरीं डबा उघडल्यावरच दिसतो. अशा ग्राहकास हा हक्क असून नसल्यासारखाच आहे. ज्या मालावर कारखान्याचें सील व घाणा क्रमांक आहे, त्यास तरी ही अट नसावी, असें आमचें स्पष्ट मत आहे.

कोणी म्हणतील, नियम कडक केले तर आपल्या जिल्ह्यांतील ज्या भगिनी बचतगटांतून लोणचीं-पापड करून संसारास हातभार लावतात, त्यांचें काय होईल? ही शंका रास्त आहे. चोर सोडून संन्याशास सुळीं देण्याचा प्रकार होतां कामा नये. म्हणूनच कायद्यानेंही लहान उत्पादकांस परवान्याऐवजीं नुसती नोंदणी सांगितली आहे. त्या नोंदणीबरोबर शिक्षणही मिळावें. राहुरीचें कृषि विद्यापीठ आपल्याच जिल्ह्यांत आहे. आंबटपणा किती असावा, बरणी कशी तापवावी, या गोष्टी तेथील जाणकारांकडून गांवोगांवीं शिकवितां येतील. ज्या बाईस कारण समजलें, ती निरीक्षक नसतांही नियम पाळील.

विद्यार्थिमित्रहो, यंदाच्या संमेलनाच्या खरेदीस दहावीचीं चार मुलें आमच्याबरोबर येणार आहेत. प्रत्येक डब्याची तारीख, परवाना क्रमांक, झांकण व शिवण तींच पाहतील. फुगलेला डबा आढळलाच, तर तो दुकानदारास परत देऊन आम्ही स्वस्थ बसणार नाहीं. त्याचें छायाचित्र व घाणा क्रमांक घेऊन अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयाकडे लेखी तक्रार करूं, आणि तिची पोंच मिळेपर्यंत पाठपुरावा करूं. गतवर्षीं आम्हीं आपल्या शाळेचीं मुलें तेवढीं संभाळलीं. तो डबा ज्या घरीं गेला असेल, तेथेंही मुलें होतीं.