उत्साह कुणाच्या पैशानं?



ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्या मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलात, आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची बैठक भरली होती. तिथं पंतप्रधानांनी सांगून टाकलं की ऑलिंपिक भारतात भरवणं हे १४० कोटी भारतीयांचं जुनं स्वप्न आहे. १४० कोटीत मी आलो. माझी आई आली. माझ्या टोळीतले पोती वाहणारे अकरा जण आले. स्वप्न पडलं कधी, आणि ते आमच्या डोळ्यांतून काढून संकुलात नेलं कुणी, एवढंच कळेना.

आता २०३० चे राष्ट्रकुल खेळ अहमदाबादला मिळालेत. २०३६ च्या ऑलिंपिकसाठी इरादापत्र २०२४ सालीच गेलंय. आणि सोसायटीतले सद्गृहस्थ आपल्याकडं बोट दाखवतायत, वस्तीतल्या पोरांना उत्साह नाही म्हणून. देशाची मान उंच होणार आणि तुम्ही म्हणता 'आपल्याला काय त्याचं'?

आधी एक साफ करतो. खेळाशी आपलं वाकडं नाही. खेळ आपलाय. बाळू पालवणकर चांभाराच्या घरातला. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यानं शंभरावर गडी बाद केले. मैदानात त्याच्या हातचा चेंडू चालायचा, तंबूत त्याचा चहा वेगळ्या भांड्यात. हिंदू संघाची कप्तानी त्याला शेवटपर्यंत दिली नाही ती नाहीच. २ एप्रिल २०११ ला वानखेडेवर वर्ल्डकप जिंकला त्या रात्री मी शाळकरी पोर होतो. आमच्या गल्लीत ताशा वाजला, म्हातारी माणसं नाचली, कुणी कुणाला जात विचारली नाही. पहाटेपर्यंत. नंतर विचारली.

तेव्हा उत्साह काय चीज असते ते आम्हाला शिकवू नका. आम्ही तो फुकट करतो, त्याला ठेकेदार लागत नाही.

आणि तुमचा उत्साह? तोही बघितलाय. टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, वंदना कटारियानं दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल मारले. ऑलिंपिक हॉकीत हॅट्ट्रिक करणारी पहिली भारतीय बाई. चारच दिवसांनी भारत उपांत्य सामना हरला आणि हरिद्वारजवळच्या रोशनाबाद गावात तिच्या घरासमोर फटाके फुटले. संघात दलित जास्त झाले म्हणून हरलो, अशा शिव्या दिल्याची तक्रार घरच्यांनी पोलिसांत केली, अटकाही झाल्या. हरल्यावर फटाके! देशप्रेमाचा हा नमुना जपून ठेवण्यासारखा आहे.

पण आज बोलायचंय ते फटाक्यांबद्दल नव्हे. पैशाबद्दल. दिल्ली २०१० बद्दल.

त्या खेळांचं यजमानपद दिल्लीनं २००३ साली कॅनडातल्या हॅमिल्टन शहराला मतदानात हरवून मिळवलं. मतदानाआधी आपल्या शिष्टमंडळानं सगळ्याच्या सगळ्या ७२ सदस्य देशांना खेळाडूंच्या प्रशिक्षणासाठी एकेक लाख डॉलर कबूल केले. (हॅमिल्टन हे तेच शहर, जिथं १९३० साली हे खेळ 'ब्रिटिश साम्राज्याचे खेळ' म्हणून सुरू झाले. मालक गेला, जत्रा राहिली.) सुरुवातीचा अंदाज सुमारे १२०० कोटींचा. कॅगचा अहवाल २०११ साली संसदेत आला त्यात आकडा १८,५३२ कोटी.

मधल्या काळात दिल्लीत काय झालं? झोपडपट्ट्या उठल्या. ज्या उठल्या नाहीत त्यांच्यासमोर मोठाले फलक आणि पडदे उभे राहिले, त्यावर खेळांचं बोधचिन्ह, शेरा नावाचा वाघ, हसतोय. भिकाऱ्यांना उचलायला गाड्या फिरल्या. उद्घाटनाला दोन आठवडे नाहीत तर जवाहरलाल नेहरू स्टेडियमजवळचा पादचारी पूल कोसळला आणि वीसहून जास्त मजूर जखमी झाले. खेळ सुरू झाले, पहिले दिवस स्टेडियमं ओस. तेव्हाही हाच प्रश्न विचारला गेला, लोक असे थंड का?

आता विशेष घटक योजनेकडे या. कान देऊन ऐका, हे शाळेत शिकवत नाहीत. १९७९ पासूनची ही योजना. लोकसंख्येत अनुसूचित जाती जेवढे टक्के, सरकारच्या योजनाखर्चातला तेवढा वाटा त्यांच्या नावानं वेगळा काढायचा. त्यातून वसतिगृह, शिष्यवृत्ती, घर, धंद्याला भांडवल. भीक नव्हे ही, हिशेब आहे. दिल्ली सरकारनं २००६ पासून पुढच्या वर्षांत या पैशाला हात घातला आणि तो राष्ट्रकुल खेळांच्या कामाकडे वळवला. दलित मानवाधिकारांच्या राष्ट्रीय मोहिमेतल्या कार्यकर्त्यांनी माहिती अधिकारात कागद काढले तेव्हा आकडा निघाला ७४४ कोटी. ऑगस्ट २०१० मध्ये राज्यसभेत गृहमंत्री पी. चिदंबरम यांनी पैसा वळवल्याचं कबूल केलं, त्यांचा आकडा ६७८ कोटींच्या वर.

मी दहावी पास. पण पोत्यांचा हिशेब रोज करतो, म्हणून हाही करून बघितला. कमीत कमी आकडा घ्या, ६७८ कोटी. एका पोराला महिन्याला हजार रुपये शिष्यवृत्ती धरा. साडेपाच लाखांवर पोरांचं एक अख्खं वर्ष होतं.

समर्थन काय, तर रस्ते आणि पूल काय दलित वापरत नाहीत का? वापरतात ना. बांधतात, झाडतात, त्याच्याखाली झोपतात. या न्यायानं तर देशातला प्रत्येक खड्डा बुजवताना आमच्या वाट्यातून पैसा काढता येईल, आणि मंत्र्याच्या बंगल्यावरचा दिवासुद्धा आमच्याच कल्याणासाठी जळतो असं लिहिता येईल. कागद काही नाही म्हणत नाही.

तेव्हा ते जे म्हणतात ना, दलितांचा या खेळांत काही वाटा नाही, ते खोटं आहे. वाटा होता. आपल्याला न विचारता आपण त्या खेळांचे मोठे देणगीदार होतो. देणगीदाराला निदान एक पास देतात.

याच्याही मागं जाऊ. १९८२, दिल्लीचं एशियाड. रंगीत टीव्ही आला तो त्याच साली, म्हणून मागच्या पिढीतली माणसं अजून गहिवरतात. स्टेडियमं, पूल, हॉटेलं बांधायला ओरिसा, राजस्थान, यूपीकडून माणसं आणली होती. किमान मजुरी दिवसाला ९ रुपये २५ पैसे. ठेकेदार ती जमादाराच्या हातात द्यायचे. जमादार माणशी एक रुपया आपल्या खिशात टाकून उरलेले सव्वाआठ मजुराच्या हातावर ठेवायचा. पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स ही संघटना कोर्टात गेली. सप्टेंबर १९८२ मध्ये, खेळ सुरू व्हायला दोन महिने असताना, सर्वोच्च न्यायालयात न्या. भगवतींनी निकाल दिला की किमान मजुरीहून कमी पैशात काम करून घेणं म्हणजे घटनेच्या २३ व्या कलमात मना केलेली वेठ. पाठीवर चाबूक नसला तरी वेठच, कारण भुकेची सक्तीही सक्तीच असते.

हे कलम ज्या मसुदा समितीच्या हातून गेलं तिचा अध्यक्ष कोण होता, हे तुम्हाला सांगायला नको. आपल्या आज्यापणज्यांनी वतनाच्या नावाखाली गावाची वेठ वाहिली. ती मोडायला बाबासाहेब १९२८ सालापासून कायदेमंडळात भांडले. आणि राजधानीत, आशिया खंडाच्या पाहुण्यांसमोर, तीच वेठ एक रुपया कापून हजर!

तो रुपया मला माहीत आहे. आमच्याकडे त्याचं नाव वेगळं आहे एवढंच. बोट लागली की हजेरीला आठ जण आणि कागदावर दहा जण. वरच्या दोघांची मजुरी कुठं जाते हे टोळीतल्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणून २०१० साली दिल्ली उच्च न्यायालयानं नेमलेल्या समितीला खेळांच्या बांधकामांवर पुन्हा तेच दिसलं, किमान मजुरी नाही, राहायची धड सोय नाही, याचं मला नवल वाटलं नाही. अठ्ठावीस वर्षांत स्टेडियमचं छत बदललं. जमादार तोच.

एवढं असूनही त्या २०१० च्या खेळांत शेवटी लोक आलेच. कृष्णा पुनियानं थाळीफेकीत सोनं घेतलं, मिल्खासिंगनंतर ५२ वर्षांनी ॲथलेटिक्समधलं पहिलं. दुसऱ्या दिवशी चार पोरींनी ४ गुणिले ४०० ची रिले जिंकली, आणि तेच स्टेडियम दणाणलं. लोक थंड नव्हतेच कधी. पळणाऱ्या पोरींसाठी ओरडायला लोक आले. पडद्यामागं लपवल्याबद्दल टाळ्या वाजवायला आले नाहीत.

दुसरीकडं काय करतात बघा. ज्या १९७२ साली मुंबईत दलित पँथर निघाली, त्याच साली अमेरिकेत कोलोरॅडोच्या लोकांनी मतदान करून डेन्व्हरला मिळालेलं १९७६ चं हिवाळी ऑलिंपिक परत पाठवलं. हॅम्बुर्गनं २०१५ साली मत घेतलं, लोक नाही म्हणाले. कॅलगरीनं २०१८ साली घेतलं, नाही म्हणाले. म्युनिकनं ऑक्टोबर २०२५ मध्ये विचारलं तर तिथं दोन तृतीयांश लोक हो म्हणाले! म्हणजे विचारलं की सगळेच नाही म्हणतात असंही नाही. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यानं २०२६ चे राष्ट्रकुल खेळ खर्च परवडत नाही म्हणून २०२३ साली सोडून दिले, कुणाची मान खाली गेली नाही.

आपल्याकडं मत घ्यायची चाल नाही. भिंत बांधायची आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये ट्रम्प मोटेराच्या स्टेडियमला येणार म्हणून अहमदाबादेत झोपडपट्टीसमोर भिंत उठली. त्याच शहरात आता २०३० येतंय.

अहमदाबादला खेळ दिल्याचा शिक्का ग्लासगोत बसला तो २६ नोव्हेंबर २०२५ ला. संविधान दिनाला. हा योगायोग असेल. पण त्या तारखेचा हिशेब आपण मागू शकतो. आमची मागणी साधी आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या वाट्याचा पैसा दुसरीकडं वळवायला बंदी घालणारा कायदा आंध्र आणि कर्नाटकानं २०१३ साली केला. तसा कडक कायदा अख्ख्या देशासाठी हवा, आणि पहिलं स्टेडियम उभं राहायच्या आधी हवा. मजुरी मजुराच्या हातात, मध्ये जमादार नको. घर उठवायचं तर आधी दुसरं घर दाखवा, मग बुलडोझर आणा.

आणि वाचणाऱ्या पोरांना एक काम. केंद्राच्या खात्याला माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. क्रीडा मंत्रालय आणि सामाजिक न्याय मंत्रालय, दोन वेगळे अर्ज. विचारायचं एवढंच: २०३० च्या खेळांसाठी आजवर किती पैसा मंजूर झाला, कुठल्या लेखाशीर्षाखाली, आणि त्यातला एक तरी रुपया अनुसूचित जातींच्या योजनेत दाखवलाय का. उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं. आलेल्या उत्तराची झेरॉक्स आमच्या पत्त्यावर पाठवा, उत्तर आलं नाही तर पोस्टाची पावती पाठवा. पुढच्या अंकात दोन्ही छापू.