समुद्रफुलाची घाई

परवा रात्री साडेदहाला भाचेबुवांचा फोन. "मामा, उद्या अ‍ॅनिमोन आणतोय. टाकीत सोडताना काय काळजी घ्यायची तेवढं सांग."

तेवढं! जणू कुकरच्या किती शिट्ट्या करायच्या ते विचारतोय.

(घरातल्या ज्या मंडळींना या प्रकरणात गम्य नाही त्यांच्यासाठी: अ‍ॅनिमोन म्हणजे समुद्रफूल. नाव फुलाचं असलं तरी हा प्राणी आहे, आणि डंख मारणारा प्राणी आहे. २००३ च्या 'फाइंडिंग निमो'मध्ये तो नारिंगी-पांढरा क्लाउनफिश ज्यात राहतो, ते हेच.)

"टाकी कधी लावलीस?" मी विचारलं.

"गणपतीत. तीन महिने झाले की! टेस्ट सगळ्या ओके आहेत."

मग मी त्याला नाही म्हटलं, आणि ते इतक्या जोरात म्हटलं की बायको आतून बघायला आली. त्याला बिचाऱ्याला कारण कळलं नसणार, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

२०११ मध्ये माझ्याकडे तीन फुटी टाकी होती, साधारण १९० लिटरची, खाऱ्या पाण्याची. लावून जेमतेम दोन महिने झाले होते. आण्णांना पक्षाघात होऊन गेला होता, बोलणं जवळपास बंद. दिवसभर ते टाकीसमोर खुर्ची टाकून बसायचे. दोन क्लाउनफिश होते, त्यांना सकाळी खाणं घालायचं काम आण्णांनी आपणहून घेतलं होतं, डाव्या हाताने. मला वाटलं, माशांना त्यांचं घर आणून दिलं तर आण्णांना किती मजा वाटेल! दुकानात एक पांढराशुभ्र अ‍ॅनिमोन होता. टोकांना किंचित जांभळी झाक. काय देखणा दिसत होता! दुकानदार म्हणाला, "टाका हो, काही होत नाही."

पुढे वाचल्यावर समजलं की तो पांढरेपणा हे आजारपण होतं. अ‍ॅनिमोनच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. ते प्रकाशावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतं. अ‍ॅनिमोनचा नेहमीचा तपकिरी-हिरवट रंग येतो तो या शैवालामुळेच. ते निघून गेलं की उरतो तो पांढरा, उपाशी प्राणी. (भडक पिवळा किंवा गुलाबी दिसला तर चक्क रंगवलेला असण्याची शक्यता.) मी रोगी विकत घेतला होता आणि कौतुकाने घरी आणला होता.

सोडताना मात्र सगळं पुस्तकाबरहुकूम केलं. पिशवी टाकीत तरंगत ठेवली, सलाइनच्या नळीने थेंब थेंब पाणी सोडलं, तासभर. म्हणून तर म्हणतो, ही थेंबांची विधी लोक समजतात तेवढी महत्त्वाची नाही. ती करावीच, कारण क्षारतेतला अचानक बदल या प्राण्याला सोसत नाही. पण खरं काम त्याआधीच्या वर्षभरात झालेलं असायला लागतं.

तिसऱ्या रात्री तो चालायला लागला. हो, चालतो तो! जागा पसंत नसली की पाय सोडवून निघतो. माझ्या टाकीतलं पाणी अजून स्थिरावलेलं नव्हतं, दिवे कमजोर होते, तो तरी काय करणार. फिरत फिरत पंपाच्या तोंडाशी गेला आणि ओढला गेला. सकाळी टाकीत दूध ओतल्यासारखं पाणी, घरभर वास. दोन्ही मासे गेले. आण्णा नेहमीप्रमाणे खाण्याची डबी घेऊन आले, उभे राहिले, परत गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी खुर्ची खिडकीकडे वळवून घेतली.

असो.

एक गोष्ट मी नंतर वाचली आणि ती डोक्यातून जात नाही. सर जॉन डॅलियल नावाच्या स्कॉटिश निसर्ग अभ्यासकाने १८२८ मध्ये किनाऱ्यावरून एक अ‍ॅनिमोन आणला आणि काचेच्या बरणीत ठेवला. ना पंप, ना खास दिवे. तिथल्याच थंड किनाऱ्यावरची, काटक जात, आणि पाणी न चुकता बदलणारी माणसं. डॅलियल १८५१ मध्ये वारले. अ‍ॅनिमोन पुढे हाताहातांतून जात १८८७ पर्यंत जगला. सगळे त्याला 'ग्रॅनी' म्हणायचे, म्हणजे आजीबाई! आपल्याकडे तीन दिवसांत मेलेला अ‍ॅनिमोन म्हातारपणाने मेलेला नसतो एवढं तरी यावरून कळावं.

आणि समुद्रातून काढलेल्या प्रत्येकामागे तिथे एक रिकामी जागा राहते. फिलिपाइन्समध्ये सेबूजवळ पाहणी झाली, २००५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. जिथून शौकिनांसाठी पकड होते तिथे अ‍ॅनिमोन आणि क्लाउनफिश दोन्ही कमी सापडले. मग आपण घाईने मारायचे आणि पुन्हा नवा आणायचा, हे मला पटत नाही. बबल टिप जातीचा अ‍ॅनिमोन टाकीतच दोन तुकड्यांत विभागून वाढतो. आणायचाच तर कुणा शौकिनाच्या टाकीत असा विभागलेला आणावा.

भाचेबुवा, आता तुझ्या 'तेवढं'चं उत्तर. टाकीला वर्ष होऊ दे. क्षारता १.०२५ च्या आसपास, तापमान २५-२६ अंश, आणि हे आकडे महिनोन्‌महिने हलता कामा नयेत. दुपारी लाइट गेली तर काय, याची सोय आधी कर. कधी माशांच्या औषधाला तांबं वापरलं असशील तर त्या टाकीत अ‍ॅनिमोन नकोच. पंपाच्या तोंडांना जाळी किंवा स्पंज, अ‍ॅनिमोन यायच्या आधी. घेताना तोंड मिटलेलं आणि पाय न फाटलेला बघ. काचेला चिकटलेला दुकानदार ओरबाडून काढत असेल तर तसाच परत ये. सोडताना पंप बंद, दिवे मंद, खडकाच्या कपारीत ठेव आणि तो धरेपर्यंत हात लावू नकोस. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नकोस. पहिले काही दिवस खायलाही नको, नंतर आठवड्याला कोळंबीचा बारीक तुकडा पुरे. बाकी तो जिथे बसेल तिथे बसू दे, प्रवाळ वाटेत असतील तर प्रवाळ हलव.

हे सगळं फोनवर सांगून झाल्यावर पलीकडे शांतता. मग म्हणाला, "पण मामा, तोपर्यंत माझे मासे झोपणार कुठे?"

"पाळीव पैदाशीचे आहेत ना तुझे? अ‍ॅनिमोनशिवाय मजेत राहतात. आत्ता कुठे झोपतात?"

बघायला गेला बहुतेक. परत येऊन हळू आवाजात म्हणाला, "हीटरच्या मागे. दोघं चिकटून."