तेरा गोलांची गोष्ट

मैत्रिणींनो, ११ जून २०१९ चा दिवस आठवतोय का? नसेलच. फ्रान्समध्ये महिलांचा फुटबॉल वर्ल्ड कप चालू होता आणि अमेरिकेनं थायलंडवर तब्बल तेरा गोल चढवले. थायलंडचा एकही नाही! त्या मुलींचे रडवेले चेहरे बघून अनेकांनी नाकं मुरडली. ‘या दुबळ्या टीम कशाला बोलवता? यांच्यामुळे स्पर्धेची मजा जाते.’

त्यात पुढच्या खेपेला टीम चोवीसवरून बत्तीस झाल्या. म्हणजे आणखी हसं होणार, असंच सगळ्यांना वाटलं. पण २०२३ मध्ये ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला झालं भलतंच. दोनदा जगज्जेती ठरलेली जर्मनी पहिल्या फेरीतच घरी गेली. जमैकानं ब्राझीलला गोल करू दिला नाही आणि ब्राझीलही बाहेर. दक्षिण आफ्रिकेनं इटलीला ३-२ नं हरवलं. आणि मोरोक्को? पहिल्या मॅचमध्ये जर्मनीकडून सहा गोल खाल्ले, नंतरच्या दोन्ही मॅच जिंकल्या आणि जर्मनीच्याच नाकावर टिच्चून पुढे गेली.

हा चमत्कार नव्हे. त्यामागे दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे, छोट्या देशांच्या मुली आता युरोप-अमेरिकेच्या क्लबांत पगार घेऊन खेळतात. रोज तगड्या खेळाडूंशी गाठ पडली की भीती मोडते. दुसरी गोष्ट पैशाची. मोरोक्कोनं आपल्या मुलींच्या लीगवर, सरावावर खर्च केला, त्याचं फळ मिळालं. गोल अडवायला जन्मजात प्रतिभाच लागते असं नाही. दमसास, शिस्त आणि एकमेकींशी ताळमेळ लागतो. तो सरावानं येतो, आणि सरावाला पैसा लागतो.

पण सगळीकडे पैसा कुठे मिळतो? जमैकाच्या हॅवाना सोलॉनच्या आईनं तर टीमसाठी इंटरनेटवर वर्गणी गोळा केली! लेकी वर्ल्ड कपला निघाल्यात आणि आई पावती पुस्तक घेऊन फिरतेय, असाच हा प्रकार. शाबासकी त्या माउलीला, पण ही वेळ तिच्यावर यावीच का? बक्षिसांचंही तसंच. २०२३ मध्ये बायकांच्या वर्ल्ड कपची एकूण बक्षिसं ११ कोटी डॉलरची, तर आदल्या वर्षी पुरुषांची ४४ कोटींची. मैदानावरचं अंतर कमी झालं, तिजोरीतलं नाही.

आणि अंतर पुरतं मिटलंय असंही नाही हं. त्याच स्पर्धेत नेदरलँड्सनं व्हिएतनामला सात गोल घातले. पण व्हिएतनाम तिथवर पोचलं, हे महत्त्वाचं. आणि पोचलं कुठून, ठाऊक आहे? आपल्या नवी मुंबईतून! फिलिपिन्सही पुण्याच्या बालेवाडीत जिंकून पहिल्यांदा वर्ल्ड कपला गेलं. जानेवारी-फेब्रुवारी २०२२ ची आशियाई स्पर्धा इथेच होती. आपल्या मुलींना मात्र कोरोनामुळे स्पर्धा अर्ध्यावर सोडावी लागली. घरचं कार्य, आणि घरच्याच मुली ताटावरून उठल्या.

म्हणूनच ५ जुलै २०२५ ची बातमी वाचून फार बरं वाटलं. भारतीय मुलींनी थायलंडला त्यांच्याच देशात २-१ नं हरवलं आणि पात्रता फेरी जिंकून पहिल्यांदाच आशियाई स्पर्धा गाठली. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. तेच थायलंड, ज्यांनी तेरा गोल खाल्ले तरी वर्ल्ड कप तर पाहिला होता.

तेरा गोल खाणाऱ्यांना हाकलून अंतर कमी होत नाही. पुन्हा खेळायला बोलावून होतं. आपल्या गावच्या ग्राउंडवर संध्याकाळी किती मुली दिसतात, एकदा मोजून बघा. आणि लेक हरून घरी आली तर ‘पुरे आता’ म्हणण्याआधी तिला विचारा, ‘उद्या किती वाजता जायचंय?’