दिल्लीचे अपुरे राज्यपद

औंढा नागनाथचा मतदार विधानसभेसाठी मत देतो, तेव्हा पोलीस ठाण्यापासून तहसील कचेरीपर्यंतचा कारभार त्या मताच्या कक्षेत येतो. त्याबद्दलचा जाब तो मुंबईच्या मंत्र्याला विचारू शकतो. उत्तर मिळते की नाही, हा प्रश्न निराळा. देशाच्या राजधानीतील मतदाराला मात्र एवढाही अधिकार नाही. 1991 च्या 69 व्या घटनादुरुस्तीने दिल्लीला विधानसभा दिली. परंतु सार्वजनिक सुव्यवस्था, पोलीस आणि जमीन हे विषय तिच्याबाहेर ठेवले. सेवांवरील अधिकार निर्वाचित सरकारचा आहे, असा निर्णय घटनापीठाने 11 मे 2023 रोजी दिला, तेव्हा आठवडा उलटताच केंद्राने वटहुकूम काढला आणि ऑगस्टमध्ये त्याचा कायदाही झाला.

ही उणीव लोकसंख्येची म्हणावी, तर 2011 च्या जनगणनेनुसार दिल्लीत 1 कोटी 68 लाख माणसे होती. गोव्यात 14 लाख 58 हजार. म्हणजे हिंगोली जिल्ह्याच्या 11 लाख 77 हजारांहून थोडी अधिक. तरीही गोवा हे संपूर्ण राज्य आहे आणि ते व्हायलाच हवे होते. 1951 साली पोर्तुगालने ‘वसाहत’ हा शब्द पुसून गोव्याला ‘सागरपार प्रांत’ ठरविले. नाव बदलले, सालाझारची हुकूमशाही तीच राहिली. 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला. पुढे 16 जानेवारी 1967 च्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीनीकरण किंवा केंद्रशासित प्रदेश, असे दोनच पर्याय होते. 34,021 मतांच्या फरकाने विलीनीकरण फेटाळले गेले. महाराष्ट्रात अनेकांना ते बोचले. पण घटक राज्याचा पर्यायच मतदारांपुढे नव्हता, याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. त्यासाठी गोमंतकीयांना 30 मे 1987 पर्यंत थांबावे लागले.

राजधानी साऱ्या देशाची आहे, तेव्हा ती एका राज्य सरकारच्या मर्जीवर सोडता येत नाही, हा आक्षेप मात्र पोकळ नव्हे. संसद, राष्ट्रपती भवन आणि परदेशी वकिलाती यांच्या सुरक्षिततेची जबाबदारी केंद्राचीच असली पाहिजे. अमेरिकेतही हाच युक्तिवाद चालतो. 2020 च्या गणनेत 6 लाख 89 हजार वस्ती असलेल्या वॉशिंग्टनला तेथील संसदेत मताधिकार असलेला एकही सदस्य नाही. प्रतिनिधित्वाविना कर भरावा लागतो, ही तक्रार तेथील मोटारींच्या क्रमांकपट्ट्यांवरच छापलेली आढळते. सागरपारच्या पोर्तो रिकोचे रहिवासी अमेरिकेचे नागरिक खरे, पण बेटावर राहून त्यांना अध्यक्ष निवडता येत नाही. निजामी राजवटीतून 17 सप्टेंबर 1948 रोजी सुटलेल्या मराठवाड्याला अशा नागरिकत्वाचे उणेपण वेगळे समजावून सांगावे लागू नये.

शिवाय आक्षेपाला उत्तर आहे. दिल्लीचे क्षेत्रफळ 1,483 चौरस किलोमीटर. त्यात नवी दिल्ली नगरपालिकेचा भाग जेमतेम 43. तेवढा केंद्राकडे ठेवून उरलेल्या दिल्लीला राज्य करता येते. शाहदऱ्याच्या गल्लीतील पोलीस चौकी गृहमंत्रालयाच्या हाताखाली असल्याने राष्ट्राची सुरक्षितता कशी वाढते, हे कोणी सांगितलेले नाही. 2003 साली लालकृष्ण अडवाणी यांनी दिल्लीच्या राज्यपदाचे विधेयक लोकसभेत मांडले होते. पुढच्याच वर्षी लोकसभा विसर्जित झाली आणि ते बारगळले. त्यानंतर दिल्लीत आणि केंद्रातही सत्तापालट झाले. विरोधात असताना राज्यपदाची मागणी करणाऱ्यांना केंद्रातील सत्ता मिळताच तिचा विसर पडला.