गाडीला काय दिसते?

पूर्व मुक्त मार्ग 2013 साली खुला झाला आणि चेंबूरहून मस्जिद बंदर, लोहार चाळ, झवेरी बाजार येथील पेढ्यांवर जाणाऱ्यांचे सकाळचे गणित बदलले. पांजरापोळापाशी वर चढावे, बोगदा ओलांडावा आणि पी. डी'मेलो मार्गावर उतरावे. सुमारे 17 किलोमीटरचा रस्ता, मध्ये सिग्नल नाही, दुचाकींना मनाई. गेल्या काही वर्षांत ज्या घरांत नवी गाडी आली, त्यांना ती गाडी या रस्त्यावर अतिशय शहाणी वाटते. समोरच्या वाहनापासून ठरलेले अंतर ती स्वतः राखते, मार्गिकेच्या पांढऱ्या रेषा पाहून स्टिअरिंग हलकेच सावरते, आरशात न दिसणारे वाहन बाजूला आले की दिवा लावून सांगते आणि टक्कर होणार असे वाटल्यास स्वतः ब्रेक लावते. या सगळ्या सोयींना मिळून विक्रेते 'एडास' म्हणतात.

तीच गाडी संध्याकाळी अमर महल किंवा डायमंड गार्डनच्या चौकात पोहोचली, की तिचा शहाणपणा अडचणीत येतो. समोर राखलेली मोकळी जागा मुंबईत आमंत्रणच समजली जाते. तेथे प्रथम रिक्षा शिरते, मग दुचाकी, आणि प्रत्येक वेळी गाडी दचकून वेग कमी करते. कधी कोणी अगदी जवळून कापून गेले तर ती जोरात थांबते. तेव्हा धोका समोर नसतो, मागे असतो, कारण मागून येणाऱ्या टॅक्सीवाल्याला पुढची गाडी का थांबली हे कळण्यास वेळच मिळालेला नसतो. पावसाळ्यात पांढऱ्या रेषा पुसतात, रस्त्याची डागडुजी झाली की जुन्या आणि नव्या रेषा शेजारी शेजारी दिसतात, आणि स्टिअरिंगला नको तेथे ओढ लागते. प्रथमच हा अनुभव घेणारे चालक सांगतात, की गाडीत दुसरे कोणीतरी बसले आहे असे वाटते.

भारतीय बाजारात या सोयी आधी मोठ्या, महागड्या गाड्यांतून आल्या. 2021 मध्ये एमजी अ‍ॅस्टर आणि महिंद्रा एक्सयूव्ही 700 यांनी त्या मध्यमवर्गीय व्यापाऱ्याच्या आवाक्यात आणल्या. पुढे सिटी, हॅरिअर, व्हर्ना अशा गाड्यांतही त्या दिसू लागल्या. येथे मिळणाऱ्या अशा बहुतेक गाड्या 'दुसऱ्या पातळी'च्या म्हणून विकल्या जातात. त्याचा अर्थ इतकाच, की गाडी वेग आणि दिशा या दोन्हींत हातभार लावते. रस्त्यावर लक्ष ठेवण्याचे काम आणि त्याची जबाबदारी पूर्णपणे चालकाची राहते. जाहिरातीत हा दुसरा भाग लहान अक्षरांत असतो.

परंतु आपल्या घरांतील खरा प्रश्न निराळा आहे. गाडी विकत घेणारा एक आणि चालवणारा दुसरा असतो. शोरूममध्ये नारळ फुटतो, पेढे वाटले जातात, छायाचित्र निघते आणि विक्रेता अर्धा तास मुलाला किंवा सुनेला पडद्यावरची सगळी चिन्हे समजावून सांगतो. ड्रायव्हर त्या वेळी बाहेर उभा असतो किंवा दुसऱ्या दिवशी कामावर येतो. इंग्रजी पुस्तिका कप्प्यात तशीच राहते. आठवडाभर बीप-बीप ऐकून तो कंटाळतो आणि बटणे दाबता दाबता सगळेच बंद करतो. काही महिन्यांनी शेठ विचारतात, "हा पिवळा दिवा कसला?" उत्तर येते, "शेठ, गाडी आपोआप ब्रेक मारते, म्हणून बंद करून टाकले." पंधरा वर्षे एकही ओरखडा न पाडता गाडी चालवलेल्या माणसाने यंत्रावर अविश्वास दाखवला, तर त्याला दोष कसा द्यावा? ज्याच्या हाती कुटुंब सोपवले, त्याला गाडीची ओळख करून देण्याचे कोणाला सुचले नाही.

मार्गिका सांभाळणारी सोय शहराच्या गर्दीत बंद ठेवली तर फारसे बिघडत नाही. अनेक गाड्यांत ती ताशी 60 किलोमीटरच्या आसपास वेग गेल्यावरच जागी होते. आपोआप ब्रेक लावणारी सोय मात्र बंद करू नये. तिची सूचना लवकर यावी की उशिरा, हे बहुतेक गाड्यांत ठरवता येते आणि तेवढ्यानेही चालकाचा त्रास कमी होतो. ही ओळख रविवारी सकाळी पाम बीच मार्गावर किंवा अटल सेतूवर चालकाशेजारी बसून तासाभरात करून देता येते.

यंत्राचे डोळे कोठे आहेत, हेही घरातल्यांना ठाऊक हवे. कॅमेरा समोरच्या काचेवर, आतल्या आरशामागे असतो. नेमक्या त्याच जागी कोणी तीर्थक्षेत्राचे स्टिकर लावतो, कोणी सोसायटीच्या पार्किंगचे. रडार पुढच्या जाळीमागे किंवा बंपरमध्ये असते आणि दसऱ्याला झेंडूचा जाड हार नेमका त्याच्यावर येतो. काच फुटून नवी बसवली तर कॅमेऱ्याची जुळवणी पुन्हा करावी लागते. कोपऱ्यावरच्या गॅरेजात काच स्वस्त मिळते, पण ही जुळवणी तेथे होईलच असे नाही.

महाराष्ट्रात व्यावसायिक चालकांच्या हाती हे तंत्रज्ञान विचारपूर्वक देण्याचा एक मोठा प्रयत्न नागपुरात झाला. 2021 मध्ये सुरू झालेल्या 'आयरास्ते' प्रकल्पात महापालिकेच्या बसगाड्यांवर कॅमेऱ्याची यंत्रणा बसवण्यात आली. ती स्वतः ब्रेक लावत नव्हती. टक्कर होण्याची शक्यता दिसताच चालकाला फक्त सावध करत होती. सूचना शहरात कोठे कोठे वारंवार वाजतात हे नोंदवून, अपघात होण्याआधीच धोक्याच्या जागा ओळखाव्यात, ही त्यामागची कल्पना होती. म्हणजे चालकाला ज्याचा कंटाळा येतो, तो बीपच तेथे माहिती म्हणून उपयोगी पडला.

या विषयाची आणखी एक बाजू समाजाला विशेष जवळची आहे. कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास चातुर्मास संपतो आणि साधू-साध्वींचा विहार सुरू होतो. द्रुतगती मार्गावर पादचाऱ्यांना मनाई असल्याने पुण्याकडे जाणाऱ्या संघांना मानखुर्द, वाशीचा पूल, पनवेल आणि जुन्या महामार्गाने खोपोलीचा घाट असे जावे लागते. विहारातील अपघातांच्या बातम्या कोणाला नव्या नाहीत. तेव्हा पादचारी ओळखून थांबणारी गाडी ऐकली की अनेकांना दिलासा वाटतो.

तो दिलासा तपासून घ्यावा लागेल. अमेरिकेतील 'इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी' या संस्थेने 2022 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, अशी यंत्रणा असलेल्या गाड्यांचे पादचाऱ्यांशी होणारे अपघात 27 टक्क्यांनी कमी आढळले. परंतु रस्त्यावर दिवे नसलेल्या अंधारात काहीच फरक दिसला नाही. 2025 च्या आरंभी याच संस्थेने तीन गाड्यांची अंधारात पुतळा उभा करून चाचणी घेतली. दोन गाड्यांची यंत्रणा, पुतळ्याच्या अंगावर चमकणाऱ्या परावर्तक पट्ट्या असताना त्याला ओळखण्यात बहुतेक वेळा चुकली. तिसरी गाडी जवळजवळ प्रत्येक वेळी थांबली. ज्या पट्ट्या माणसाच्या डोळ्यांना दुरून सावध करतात, त्याच काही यंत्रांना गोंधळात पाडू शकतात.

विहारसेवेचे स्वयंसेवक तशीच जाकिटे घालून पुढे-मागे चालतात. ती त्यांनी अवश्य घालावीत, कारण मालमोटार चालवणाऱ्याच्या डोळ्यांना ती दिसतात, आणि जुन्या महामार्गावरच्या बहुतेक मालमोटारींत एडास नाही. हातातील विजेरी हलती ठेवणे, संघाच्या मागेही माणूस ठेवणे आणि वळणावर रांग एकेरी करणे, ही जुनी काळजी तशीच चालू ठेवावी लागेल.

पुण्याच्या बाजारात सकाळी वेळेवर पोहोचण्यासाठी चेंबूरच्या अनेक गाड्या पहाटे चार-साडेचारला निघतात. पनवेलनंतर काही चालक टोल वाचवण्यासाठी जुना रस्ता धरतात. मागे शेठ झोपलेले असतात, अंतर राखणारी सोय चालू असते, पाय पेडलवरून उचललेला असतो आणि रस्त्यावर दिवे नसतात. याच वेळी, याच रस्त्याच्या कडेने पांढऱ्या वस्त्रांतील पाच-सहा आकृती चालत असतात. निघण्यापूर्वी ड्रायव्हरला कोणत्या रस्त्याने जायचे एवढेच सांगितलेले असते. त्या रस्त्यावर या दिवसांत कोण चालत आहे आणि अंधारात त्याच्या गाडीला काय दिसत नाही, हे निघताना सांगायला दोन मिनिटे लागतात.