वरून काही येत नाही

कविता वरून येते म्हणतात. कवी नुसता माध्यम. सरस्वती जिभेवर बसते, देव लिहवून घेतो, आणि हा डोळे मिटून टिपून घेतो. हे नाटक आजही जोरात चालू आहे. शहरात फी भरून सृजन आणि अध्यात्माची शिबिरं लागतात. पांढरे कपडे, उदबत्ती, मंद दिवा, आणि आतल्या आवाजाला ऐका म्हणून उपदेश. ज्याच्या दारावर भाड्यासाठी कुणी थापा मारत नाही, त्याला आतला आवाज स्वच्छच ऐकू येणार!

दोस्तांनो, यांना एकदा विचारा, वर म्हणजे कुठं? वर कोण बसलंय? या देशात वर बसलेल्यांची यादी आपल्याला बापजाद्यांपासून पाठ आहे.

वरून येण्याची इथली सर्वांत जुनी थाप वेदांची. म्हणे अपौरुषेय. कुणा माणसानं रचलेच नाहीत. माणसानं रचलेच नाहीत म्हणजे माणसानं त्यांना सवाल करायचा नाही. आणि आपण तर ऐकायचेही नाहीत. शूद्रानं मुद्दाम कान दिला तर त्या कानात वितळलेला धातू नि लाख ओता, असं गौतम धर्मसूत्र सांगतं. नीट बघा. शब्द आकाशातून आला असं ठरलं की जमिनीवर लगेच पहारेकरी उभा राहतो.

पण त्यांच्यातलाच एक जण खरं बोलून गेला. राजशेखर, साधारण अकराशे वर्षांपूर्वीचा. त्याची ‘काव्यमीमांसा’ प्रतिभेवर पुष्कळ बोलते, आणि मग कवीचं घर कसं असावं तेही सांगते. स्वच्छ झाडलेलं, सहा ऋतूंना सोयीचं, बाग, तळी, झोपाळा, हाताखाली नोकरचाकर, लिहून घ्यायला लेखक. कवीचा दिवस प्रहराप्रहरानं वाटून दिलेला : अमुक प्रहरी अभ्यास, अमुक प्रहरी रचना, अमुक प्रहरी मित्रांबरोबर काव्याची चर्चा. शाब्बास पंडित! म्हणजे स्फूर्तीला घर लागतं, वेळ लागतो, भरलेलं पोट लागतं, हे तुम्हाला ठाऊक होतं. आता आमचा एकच सवाल. ते घर झाडत कोण होतं? आणि त्याचे प्रहर कुणी मोजले?

याच्या शेजारी फलटणच्या बेबीताई कांबळे ठेवा. छोटं किराणा दुकान. पुड्या बांधायच्या रद्दीतले कागद वाचून ही बाई वाचायला लागली. गिऱ्हाईक नसेल तेव्हा लिहायची. घरच्यांना कळू नये म्हणून वह्या वीस वर्षं लपवून ठेवल्या. त्यातून ‘जिणं आमुचं’ आलं, १९८६ साली पुस्तक झालं. कुठला झोपाळा आणि कुठलं तळं? दोन गिऱ्हाइकांमधली फट, हाच तिचा प्रहर. वामनदादा कर्डकांना शाळा मिळाली नाही. मोठेपणी अक्षरं गिरवली आणि २००४ साली जाईपर्यंत गाणी रचली. उर्मिला पवारांनी २००३ साली आत्मकथनाला ‘आयदान’ नाव दिलं. आई बांबूची आयदानं विणून घर चालवायची; त्या विणीशी आपल्या लिहिण्याचं नातं आहे असं त्या म्हणतात. आता यात देव कुठं बसवता? बांबू सोलताना बोट कापतं ते आईचं.

काही जण म्हणतील, देव नको, पण अध्यात्म तर हवं ना? शब्दच तपासा. अधि-आत्म. आत्म्याबद्दलचं ते अध्यात्म. आपण १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात तो आत्मा खाली ठेवून आलो. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये बाबासाहेबांनी आत्म्याचा विषय निकालात काढलाय. मग रात्री दोनला ओळ सुचते तेव्हा होतं काय? होतं, नक्की होतं. अंगावर काटा येतो. तो खोटा नाही. पण त्याला कारणं आहेत. हे असलं म्हणजे ते होतं, हा बुद्धाचा प्रतीत्यसमुत्पाद. ऐकलेली शिवी, वाचलेलं पुस्तक, मोर्चातली घोषणा, शंभर वेळा खोडलेला कागद, एवढं सगळं जमतं तेव्हा ओळ पेटते. चमत्कार म्हणालात की ही सगळी कारणं पुसली जातात, आणि राबणारे हातही त्यांच्याबरोबर.

चित्त स्थिर करायला आपली ना नाही. थेरगाथेत सुनीत आहे, सुकलेली फुलं उचलून टाकणारा, लोकांनी हिणवलेला. थेरीगाथेत पुण्णिका आहे, थंडीत नदीवरून पाणी वाहणारी दासी. स्नानानं पाप धुतलं जातं म्हणणाऱ्या ब्राह्मणाला तिनं सरळ अडवलं. यांचं चित्त शांत होतं. पण शांत म्हणजे मुकं नव्हे. शांत चित्तानं तिनं सवाल केला आणि त्याची गाथा झाली. आम्हाला जे सांगतात की राग सोडा, आत बघा, मग खरी कला येईल, त्यांना ही दासी दाखवा.

आणि आता आपल्याच पोरांशी दोन शब्द. एका बैठकीत उतरलं, खाडाखोड करत नाही, आपोआप येतं, अशी फुशारकी नाक्यावर बरीच ऐकू येते. काहींना तर बाटलीशिवाय येत नाही. च्यायला, ही तीच अपौरुषेयवाली थाप, निळ्या झेंड्याखाली! देव हाकलला आणि त्याच्या पाटावर स्वतः बसलात. तुझी कविता उतरत असते तेव्हा भांडी कोण घासतं? मोरीत बसलेल्या तुझ्या बहिणीलाही ओळ सुचत असेल. ती सुचते आणि खरकट्या पाण्याबरोबर वाहून जाते. राजशेखराच्या घरात झाडणाऱ्याला वही नव्हती. तुझ्या दहा बाय दहात तिला आहे का?

म्हणून प्रेरणेवर प्रवचनं बंद करा. वस्तीवस्तीत अभ्यासिका मागा, रात्री उशिरापर्यंत उघडी, पोरींनाही तेवढीच खुली. तोवर घरात पाळी लावा : एक दिवस भांडी तिची, एक दिवस तुझी. लिहिलेलं चौघांत वाचा, शिव्या खा, परत लिहा. आपली साधना म्हणायची तर एवढीच.

वरून येतं ते पावसाचं पाणी, पत्र्यातून गळतं. वहीवर प्लास्टिक टाका आणि लिहायला बसा.